पंधराजणी, एकच बाई: गटछायाचित्राच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

चौकट ठरली. सोसायटीच्या महिला मंडळाचा नवरात्रातला ग्रुप फोटो. पुढे चौघी सतरंजीवर, मध्ये पाचजणी खुर्च्यांवर, मागे सहाजणी उभ्या. सगळ्यांची साडी एका रंगाची. पंधराही जागांवर छायाचित्रकार स्वतः बसणार आणि शटरही तिच्याच हातात राहणार. एकेक बाई वेगळी टिपून नंतर संगणकावर एका फोटोत जोडायची.

या वाटेने आधी गेलेल्यांपैकी तोमोको सावादा आम्हाला सगळ्यात जवळची. जपानच्या या छायाचित्रकर्तीने १९९८ मध्ये फोटो बूथमध्ये बसून, वेश आणि केस बदलत, ओळखपत्राचे ४०० फोटो काढले. २००४ च्या ‘स्कूल डेज’ मालिकेत शाळेच्या वर्गाचा फोटो आहे आणि त्यातली प्रत्येक मुलगी तीच आहे. पण तिथला गणवेश शाळेने ठरवलेला. नवरात्राच्या नऊ रंगांमागे कुठली शाळा नाही आणि चुकल्यास शिक्षाही नाही. कुठल्या पोथीचाही आधार नाही. महाराष्ट्र टाइम्सने २००० नंतरच्या दशकात रोजचा रंग छापायला घेतला आणि काही वर्षांत लोकलचा लेडीज डबा, बँकेचे काउंटर, शाळेची स्टाफरूम एकाच रंगात दिसू लागली. कुणी न लादलेला गणवेश, हा आमचा विषय.

म्हणून कामाचा पहिला नियम असा: पंधरा ‘पात्रे’ उभी करायची नाहीत. रंगाचा नियम जिथे सैल आहे तिथेच बाई बदलेल. बाकी सगळे तंतोतंत सारखे.

७ नोव्हेंबर

सैल जागा कोणत्या, यावर दिवसभर काम. पदर ही सगळ्यात मोठी. सुटा सोडलेला, निऱ्या घालून पिन लावलेला, दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, उजव्या खांद्यावरून पुढे आणलेला गुजराती. मग ब्लाउजची बाही आणि गळा, केस, टिकली की कुंकू, मंगळसूत्र लांब की ऑफिसला घालायचे आखूड, बांगड्या काचेच्या की एका हातात फक्त घड्याळ, चष्मा, आणि मांडीवर हात कसे ठेवले आहेत ते. हातांना आम्ही चेहऱ्याइतकेच महत्त्व देत आहोत.

साडी ‘त्याच रंगाची’ की ‘तीच’? दोन्ही प्रकार मंडळांत दिसतात. घरात असेल ती नेसायची म्हटले की मोरपिशीच्या नावाखाली बाटली हिरव्यापासून निळ्यापर्यंत सगळे येते आणि फोटो साड्यांचाच होतो. एकाच ताग्यातल्या, मंडळाने घाऊक घेतलेल्या साड्या धरल्या.

काय करायचे नाही तेही लिहून ठेवले. त्वचेचा रंग मेकअपने बदलायचा नाही. कोरियन कलाकार निकी एस. ली यांनी १९९७ ते २००१ या काळात वेगवेगळ्या गटांत मिसळून त्यांच्यासारखे दिसत फोटो काढून घेतले. ते काम महत्त्वाचे आहेच, पण त्यातल्या हिप हॉप भागात त्वचा गडद केल्याबद्दल झालेली टीका रास्त आहे. सुरकुत्यांचा मेकअप नाही. पॅडिंग लावून ‘जाडी बाई’ नाही. एक जादा सुती परकर चालेल, तेवढाच. हसू आणण्यासाठी केलेला बदल ओळखायला सोपा असतो: तो चेहऱ्यावर असतो, पदरावर नसतो.

नऊवारी वगळली. सहावारींच्या गटात ती एकटीच डोळ्यात भरते.

१० नोव्हेंबर: रंगाची चाचणी

लाल, राखाडी आणि मोरपिशी अशा तीन साड्या एकाच प्रकाशात तपासल्या.

लालमध्ये लाल चॅनल (फाइलमधला लाल रंगाचा भाग) फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन अडतो. कॅमेऱ्याचा पांढरा हिस्टोग्राम (एकूण उजेडाचा आलेख) ठीक दिसत राहतो, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. तिन्ही चॅनलचे वेगळे हिस्टोग्राम पाहिले तर लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटलेली दिसते. परिणाम म्हणजे निऱ्यांचे चढउतार जातात आणि साडी रंगवलेल्या पत्र्यासारखी सपाट येते. दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी केले की निऱ्या परततात, पण चेहरे काळवंडतात.

राखाडी तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपी. पण फोटो एखाद्या कंपनीच्या गणवेशाचा वाटतो. राखाडीच्या दिवशी कपाटात ती साडी नसते आणि मुद्दाम आणावी लागते, ही खरी गंमत फोटोत उतरत नाही.

मोरपिशी घेतली. त्वचेपासून तिचा रंग लांब आहे, त्यामुळे पुढे मास्क करताना, म्हणजे फ्रेममधला हवा तेवढाच भाग ठेवून बाकीचा झाकताना, दंड आणि साडी यांची कड स्वच्छ मिळते. अडचण दुसऱ्या टोकाची आहे. एसआरजीबीमध्ये (पडद्यांच्या नेहमीच्या रंगकक्षेत) या रंगाचा लाल चॅनल शून्यावर जातो आणि गडद निऱ्या बुजतात. उपाय: रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल १६ बिट आणि प्रोफोटो आरजीबी या अधिक रुंद रंगकक्षेत उघडायची, छपाईपर्यंत तिथेच राहायचे. मोबाइलसाठीची प्रत काढताना त्या एका रंगछटेचे सॅच्युरेशन १०-१५ टक्के उतरवायचे आणि मगच एसआरजीबी करायचे. क्रम उलटा केला तर गेलेला तपशील परत येत नाही.

कापड: साधे, बारीक जरीकाठाचे. रुंद जरीचा काठ फ्लॅशखाली पांढरा पडतो. बारीक चौकड्यांच्या कापडात मोआरेचे इंद्रधनुषी पट्टे उठतात, म्हणून चौकडाही नको.

१४ नोव्हेंबर: हॉलची मापे

फुल फ्रेम कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, ५० मि.मी. लेन्स. ३५ मि.मी. लावली तर कडेच्या बायका आडव्या ताणल्या जातात. एरवी ते खपते. इथे सगळे चेहरे एकाच बाईचे असल्याने कडेचा चेहरा लगेच वेगळा पडतो.

लेन्सपासून सतरंजीची रांग ५ मीटर, खुर्च्या ५.७, उभ्या ६.४. पाच मीटरवर चौकटीची रुंदी ३.६ मीटर मिळते. मांडी घालून बसलेल्या बाईला ७५ सें.मी. लागतात, चौघींचे ३ मीटर झाले, दोन्ही कडांना ३०-३० सें.मी. उरतात. ॲपर्चर एफ ८, फोकस खुर्च्यांवर. अशा वेळी साधारण ३.७ मीटरपासून १२ मीटरपर्यंत सगळे स्पष्ट येते, म्हणजे तिन्ही रांगा आरामात बसतात.

कॅमेऱ्याची उंची १५० सें.मी. या उंचीवरून खुर्चीवाल्यांच्या डोक्यांवरून मागच्या बायका छातीपासून वर दिसतात. पाय दिसत नाहीत, आणि ते पुढे कामाला येणार आहे.

एका चेहऱ्याची उंची फाइलमध्ये सुमारे २९० पिक्सेल भरते. २०० पीपीआयला (दर इंचाला २०० पिक्सेल) छापले तर जवळपास ३.७ सें.मी. पाहणाऱ्याला दोन पावले पुढे यावे लागेल इतकेच. त्याहून मोठे नको. लांबूनच चेहरे ओळखू आले तर साडीकडे कुणी पाहणार नाही.

१८ नोव्हेंबर: प्रकाश

४०० वॉट-सेकंदांचे दोन फ्लॅश अर्ध्या ताकदीवर, दीड मीटरच्या पांढऱ्या छत्र्यांतून, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना, २.४ मीटर उंचीवर. आयएसओ २००, शटर १/१२५, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनला बांधलेला.

पुढच्या आणि मागच्या रांगेत पाऊण स्टॉपचा फरक येतो, कारण मागची रांग दिव्यांपासून जवळजवळ दीड मीटर लांब आहे. छत्र्यांचा मध्य मागच्या डोक्यांवर धरला आणि सतरंजीवर फक्त कडेचा प्रकाश पडू दिला की फरक एक-तृतीयांशावर येतो. तो ठेवायचा, नाहीतर गट भिंतीला चिकटल्यासारखा दिसतो.

फ्लॅश बंद ठेवून याच सेटिंगवर एक फ्रेम घ्यायची. ती पूर्ण काळी आली पाहिजे. काळी आली नाही तर खिडकीतला उजेड आत येतो आहे आणि सकाळच्या, दुपारच्या बायका जुळणार नाहीत. जाड पडदे लावले तेव्हा काळी आली.

प्रकाश मुद्दाम सपाट ठेवला आहे. पासपोर्ट फोटोच्या दुकानातला प्रकाश असाच असतो, कारण तिथे फरक माणसात दिसायला हवा, सावलीत नव्हे.

२२ नोव्हेंबर: पुतळे

एकेक बाई वेगवेगळी टिपून जोडली की काहीतरी खोटे वाटते, आणि कारण बहुतेक वेळा कडांमध्ये शोधले जाते. खरे कारण शेजार नसणे हे आहे. खऱ्या गटात शेजारणीच्या साडीचा रंग दंडावर, हनुवटीखाली उडतो. तिची सावली मांडीवर पडते. रिकाम्या हॉलमध्ये एकटीच बसलेल्या बाईवर यातले काहीच नसते.

म्हणून शिंप्याचे दोन पुतळे. त्याच ताग्यातले कापड गुंडाळलेले, खांद्यांची उंची बसलेल्या बाईसाठी ९५ सें.मी. आणि उभ्या बाईसाठी १३० सें.मी. प्रत्येक फ्रेममध्ये शेजारच्या दोन्ही जागांवर पुतळे उभे. मोरपिशी झाक दंडावर आली. ती सुंदर नाही, त्वचा किंचित आजारी दिसते, पण खऱ्या ग्रुप फोटोत दिसते तशीच.

शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवणाऱ्या तीन जागा आहेत. तिथे हात पुतळ्याच्या खांद्यावर ठेवायचा आणि मास्कमध्ये हाताभोवतीचे ३-४ सें.मी. कापडही ठेवायचे, म्हणजे बोटांखालची सावली आणि दबलेली घडी खरी मिळते. ही सावली नंतर ब्रशने रंगवता येते, असे म्हणणाऱ्यांनी मोठ्या प्रिंटसमोर उभे राहून पाहावे.

२४ नोव्हेंबर

चष्म्याच्या नुसत्या फ्रेम बाद. काच नसलेला चष्मा लगेच कळतो, कारण मायनस नंबरच्या काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते आणि इथे ती सरळ जाते. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगच्या खऱ्या नंबरच्या काचा घ्यायच्या. दांड्या कानावर थोड्या उचलून काचा खाली झुकवल्या की छत्र्यांचे पांढरे डाग जातात.

मनगटी घड्याळांची किल्ली ओढून काटे ५ वाजून २० मिनिटांवर थांबवले. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला.

२७ नोव्हेंबर: क्रम

चित्रीकरणाचा क्रम रांगेने ठरतो आणि रांगेच्या आत केसांनी.

आधी उभी रांग, मग खुर्च्या, शेवटी सतरंजी. मांडी घातलेल्या साडीला गुडघ्यांच्या मागे ज्या घड्या पडतात त्या इस्त्रीनेही पटकन जात नाहीत, आणि तीच घडी दोन बायकांच्या साडीवर दिसली की खेळ संपला. म्हणून खुर्च्यांना एक साडी, सतरंजीला दुसरी. मागच्या रांगेत निऱ्या दिसतच नाहीत, तिथे यांपैकी कुठलीही चालते.

रांगेच्या आत: मोकळे केस, मग पोनी, वेणी, अंबाडा, आणि सगळ्यात शेवटी तेल लावून चापून बसवलेले केस. तेल एकदा लागले की त्या दिवशी मागे फिरता येत नाही. कपाळाचेही तसेच. चिकटणारी टिकली आधी, ओले कुंकू शेवटी, कारण कुंकवाचा डाग घासला की कपाळ लाल होते आणि पुढच्या बाईच्या भुवयांमध्ये ते दिसते. एका दिवशी एक रांग, रात्री केस धुवायचे. कॅमेरा तीन रात्री जागचा हलणार नाही, हॉलला कुलूप.

उंची: एकाच बाईला सहा वेळा उभे केले की सहा डोकी एका रेषेत येतात, आणि चेहऱ्यांआधी तीच रेषा दिसते. २, ४, ६ आणि ८ सें.मी. जाडीचे पाट पायांखाली. खुर्च्यांवर ३ ते ६ सें.मी. च्या उशा. सॉफ्टवेअरमध्ये बाई मोठी-लहान करायची नाही. डोक्याचा आकारही बदलतो आणि ती बाई मागे-पुढे सरकलेली वाटते.

२९ नोव्हेंबर: उभी रांग

ट्रायपॉडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या, पायांभोवती जमिनीवर टेप. फोकस मॅन्युअल करून रिंगवर टेप. स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद, कारण ट्रायपॉडवर ते चालू राहिले तर फ्रेम एक-दोन पिक्सेल सरकत राहते. बॅटरीऐवजी ॲडॉप्टर, कारण बॅटरीचे झाकण ट्रायपॉडच्या प्लेटखाली येते आणि बदलायची तर कॅमेरा उतरवावाच लागतो. लॅपटॉपची केबल ट्रायपॉडच्या पायाला बांधली आहे, कुणाचा पाय अडकला तरी झटका कॅमेऱ्याला बसत नाही.

रिकाम्या हॉलची प्लेट (बाई नसलेली पार्श्वभूमीची फ्रेम) सुरुवातीला एक आणि शेवटी एक.

रिमोट रेडिओचा. इन्फ्रारेड ६.४ मीटरवरून, पदराआडून, बेभरवशाचा. मात्र रिमोट दाबणाऱ्या हाताचा खांदा किंचित ताठ होतो आणि चेहरा ‘तयार’ होतो. म्हणून प्रत्येक जागेवर दोन फेऱ्या: एक रिमोटने, दोन सेकंदांच्या विलंबाने, आणि एक दर ६ सेकंदांनी आपोआप. मोकळे चेहरे दुसऱ्या फेरीतच मिळतात. शटर आपोआप पडले म्हणून ते स्वचित्र राहत नाही, हा आक्षेप आम्हाला पटत नाही. वेळ तिनेच लावली आहे, आणि कुठली फ्रेम ठेवायची हेही तीच ठरवणार.

लॅपटॉपचा पडदा फेरीपुरता बंद. चालू असला की नजर तिकडे जाते.

नजर: अकराजणी लेन्सकडे. दोघी लेन्सच्या उजवीकडे ३० सें.मी. वर लावलेल्या टेपकडे, एक शेजारणीकडे, एकीचे डोळे मिटलेले. पंधराही नजरा लेन्समध्ये रोखल्या तर मेणाचे पुतळे होतात.

३० नोव्हेंबर: खुर्च्या

खुर्च्यांचे पाय टेपच्या खुणांत. प्रत्येक वेळी उठताना खुर्ची मागे सरकते, बसण्याआधी खूण पाहायची.

मधल्या खुर्चीवर अध्यक्षीण, तिच्या डावीउजवीकडे चिटणीस आणि खजिनदार, नवीन आलेली सून मागे टोकाला. ही बैठक कुणी कागदावर लिहीत नाही, पण जवळजवळ प्रत्येक मंडळाच्या फोटोत असते. नियम रंगाचा दिसतो, पण त्याच्या खाली जागांचा नियम आहे, आणि तो जास्त कडक आहे.

पाचपैकी एकीला मंगळसूत्र नाही, कुंकू नाही, बांगड्या नाहीत. तिला मध्यावर बसवले तर फोटो भाषण देऊ लागतो. टोकाला बसवले तर हळदीकुंकवात होते तेच आपणही केले. उजवीकडून दुसरी खुर्ची ठरली. हात बाकीच्यांसारखेच मांडीवर, नजर लेन्समध्ये. ती सापडली तर सापडेल.

१ डिसेंबर: सतरंजी

चौघी. काही अडले नाही. सतरंजीच्या पट्ट्या प्रत्येक बैठकीनंतर ओढून प्लेटमधल्या रेषेवर आणायच्या, एवढेच.

८ डिसेंबर: जोडणी

१६ बिटमध्ये एक लेअर (एकावर एक ठेवायच्या फ्रेमपैकी एक) सुमारे १४४ एमबी. पंधरा बायका आणि प्लेट मिळून २.३ जीबी. पीएसडी (फोटोशॉपची नेहमीची फाइल) २ जीबीच्या पुढे जतन होत नाही, त्यामुळे सुरुवातीपासूनच पीएसबी (तिचा मोठ्या आकाराचा प्रकार).

लेअर जुळले आहेत का ते पाहण्यासाठी वरच्या लेअरचा मोड ‘डिफरन्स’ (दोन लेअरमधला फरकच दाखवणारा) करायचा. भिंत आणि फरशी काळी दिसली तर जुळले. फरशीच्या फटी उजळ दिसल्या तर कॅमेरा हलला आहे. तेव्हा बाणाच्या कीने एकेक पिक्सेल सरकवायचे. ऑटो-अलाइन (सॉफ्टवेअरने आपोआप जुळवणे) वापरायचे नाही. ते बाईलाही खूण समजते आणि फ्रेम वाकवते.

भिंत सगळ्या फ्रेममध्ये एकच, त्यामुळे डोक्याभोवती केस कोरत बसायची गरज नाही. तिथे मास्क ढगळ, ६०-८० पिक्सेलची मऊ कड. घट्ट मास्क फक्त एक बाई दुसरीवर येते तिथे, ३ पिक्सेलच्या कडेने. सगळ्यात वाईट जागा म्हणजे खुर्चीवालीचे मोकळे केस आणि त्यांच्या मागे उभ्या बाईची साडी. तिथे पुतळ्यावरचे मोरपिशी कापड पुन्हा कामाला आले. केस मुळातच त्या रंगावर टिपले गेले आहेत, म्हणून कडेला भिंतीचा पांढरा दोरा राहत नाही.

१५ डिसेंबर

पहिली पूर्ण जोडणी छापून भिंतीवर. डोळा चेहऱ्यांवर अडकत नाही. तो अडकतो मानेच्या कलण्यावर. प्रत्येकाची मान विश्रांतीत एका बाजूला किंचित कलते, आणि इथे ती अकराजणींची एकाच बाजूला कलली आहे.

फ्रेम आडवी उलटवून सुटत नाही. पदर उजव्या खांद्यावर जातो, चमकी उजव्या नाकपुडीत जाते, आणि मराठी डोळ्याला ते आधी खटकते. एकच अपवाद. गुजराती पदरवाली उलटवली तर तिचा पदर नेहमीच्या डाव्या खांद्यावर येतो, पण मग गुजराती पदरच हातचा जातो. त्यामुळे आपोआप टिपलेल्या फेऱ्यांतून सरळ किंवा उलट्या बाजूला कललेल्या मानांच्या फ्रेम शोधून पाच बदलल्या. सहा तशाच ठेवल्या. सहा जणींची मान एका बाजूला कललेली खऱ्या फोटोतही असते, विशेषतः फोटोग्राफर ‘जरा जवळ जवळ या’ म्हणाला की.

२० डिसेंबर: छपाई आणि पट्टी

चाचणी पट्ट्या दोन कागदांवर. ३०८ ग्रॅमच्या सुती मॅट कागदावर मोरपिशी दबते आणि निऱ्यांच्या सावल्या राखाडी होतात. ३१० ग्रॅमच्या बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या) कागदावर रंग टिकतो. बरायटा घेतला. आकार ७६ × ५१ सें.मी., खाली ६ सें.मी. पांढरी पट्टी.

पट्टीवर जुन्या ग्रुप फोटोंप्रमाणे तीन ओळी: ‘उभ्या, डावीकडून’, ‘खुर्चीवर’, ‘खाली बसलेल्या’. नावे घालायची नाहीत. नावाच्या जागी फक्त ‘सौ.’, ‘कु.’, ‘श्रीमती’ आणि त्यापुढे ठिपके. बारा, दोन, एक. चेहरे सारखे असताना पाहणारा फरकासाठी पट्टीकडे वळेल आणि तिथे त्याला नवऱ्यावरून केलेली वर्गवारी मिळेल. टंक १४ पॉइंट, काळा नव्हे, गडद राखाडी.

२३ डिसेंबर

शिल्लक काम: खुर्च्यांच्या रांगेत चौथीच्या कोपराखाली पुतळ्याचा लाकडी खांदा ४ मि.मी. दिसतो, तिथे दुसऱ्या फ्रेममधले कापड आणायचे. मोबाइलची प्रत वेगळी जतन करायची, लांब बाजू २०४८ पिक्सेल, पट्टीशिवाय, कारण त्या आकारात अक्षरे वाचता येत नाहीत.